पु. ल. : कानांनी घडवलेला विनोदकार

विनोद लिहिणे आणि विनोद सादर करणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. लिहिणाऱ्याला वाचक कुठे हसला, कुठे नुसते पान उलटून गेला, हे कधीच कळत नाही. रंगमंचावर उभे राहणाऱ्याला ते त्याच क्षणी कळते आणि पुढच्या वाक्याआधी त्याला सावरावेही लागते. जगातले मोठे विनोदकार बहुधा यांपैकी एकाच विद्येत पारंगत असतात. वुडहाऊस आयुष्यभर टंकलेखन यंत्रासमोर बसला आणि चार्ली चॅप्लिन आयुष्यभर विनोद सादर करत राहिला. या दोघांवरही जिवापाड प्रेम करणाऱ्या एका मराठी माणसाने मात्र दोन्ही विद्या सारख्याच ताकदीने हाताळल्या. ते होते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजे सगळ्यांचे पु. ल. आणि जवळच्यांचे भाई.

पु.लं.वर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लेखनात ते आधी साहित्यिक असतात आणि मग जमेल तसे नट, संगीतकार, वक्ते वगैरे. हा क्रम उलटा लावला तर त्यांची कारकीर्द अधिक नीट उलगडते, असे मला ठामपणे वाटते. पु. ल. मुळात ऐकणारे आणि ऐकवणारे कलावंत होते. त्यांचा विनोद आधी कानात तयार झाला आणि मग कागदावर आला. म्हणूनच साठ वर्षांनंतरही तो ऐकताना ताजा वाटतो.

घरातले शब्द, घरातले सूर

पु.लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. बालपण आधी जोगेश्वरीच्या सरस्वतीबाग वसाहतीत आणि नंतर पार्ल्यात गेले. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी. ‘ऋग्वेदी’ या नावाने ते लिहीत. आपल्या सणांच्या इतिहासावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि रवींद्रनाथांची गीतांजली अभंगरूपात मराठीत आणली. घरात वाचन होते, पाठांतर होते, गाणे होते. पार्ल्याच्या टिळक विद्यालयात शिकत असतानाच पु.लं.ची पेटी सुरू झाली. पेटीवर बसलेला हा हात पुढे कधीच उठला नाही. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व या मंडळींच्या मैफलींत आणि खासगी बैठकांत पु. ल. रमले ते नुसते चाहते म्हणून नाही. सुरांचे जाणकार म्हणून त्यांना तिथे मान होता.

शिक्षण मुंबई, पुणे आणि सांगली असे तीन गावांत झाले. पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन ही महाविद्यालये त्यात आली, कायद्याचा अभ्यासही झाला. पोटासाठी कारकुनी केली, मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिकवले, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापकी केली. ओरिएंट हायस्कुलातच त्यांची सुनीता ठाकूर यांच्याशी ओळख झाली. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने, कसलाही थाटमाट न करता, दोघांचे लग्न झाले.

वर दिलेली गावांची यादी पुन्हा एकदा पाहा. गावदेवी, पार्ले, पुणे, सांगली, बेळगाव, रत्नागिरी. मराठीच्या सहा वेगळ्या बोली, सहा वेगळे हेल. पुढे ‘रावसाहेब’ साकारताना बेळगावच्या कानडी वळणाच्या मराठीतला प्रत्येक उच्चार त्यांनी नेमका पकडला. ‘अंतू बर्वा’मध्ये रत्नागिरीतल्या म्हाताऱ्यांचा अनुनासिक तिरकसपणा आला. ही मंडळी कल्पनेतून उभी राहिलेली नाहीत. नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने गावोगाव राहताना ज्याचे कान सतत उघडे होते अशा माणसाचे ते संचित आहे.

अपयशाची वर्षे

विनोदी कलावंताचे चरित्र सांगताना यशाची यादी द्यायचा मोह होतो. पण पु.लं.ची पहिली दहा-बारा वर्षे चाचपडण्याची होती आणि त्या वर्षांनीच त्यांना घडवले. १९४० च्या दशकात ‘अभिरुची’ मासिकात त्यांची व्यक्तिचित्रे येऊ लागली. मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’मध्ये त्यांनी नट म्हणून काम केले. १९४८ साली रंगभूमीवर आलेले त्यांचे पहिले नाटक, ‘तुका म्हणे आता’, पडले.

याच सुमारास ते चित्रपटांत शिरले. १९४७ चा ‘कुबेर’, १९४८ चा राम गबाले दिग्दर्शित ‘वंदे मातरम्’ अशी सुरुवात झाली. पुढची पाच-सहा वर्षे ते पटकथा, संवाद, अभिनय आणि संगीत अशी सगळीच कामे करत राहिले. १९५३ च्या ‘देवबाप्पा’साठी ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना पु.लं.नी चाल दिली आणि आशा भोसले यांनी गायलेले मोराचे बालगीत घराघरांत पोहोचले. आजही बालवाडीतली मुले ते गातात. संगीतकार कोण, हे त्यांच्या आईवडिलांनाही अनेकदा ठाऊक नसते. त्याच वर्षीच्या ‘गुळाचा गणपती’त कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असे सगळेच पु.लं.चे होते. भीमसेनांनी गायलेला इंद्रायणीकाठचा अभंग याच चित्रपटातला.

‘गुळाचा गणपती’तला नारायण हा भोळा, चेंगट, जगाकडून सतत टपल्या खाणारा तरुण. चॅप्लिनच्या भटक्याशी त्याचे नाते सांगता येते. तोही असाच दुबळा, तरीही आतून न मोडणारा. या चित्रपटानंतर मात्र पु. ल. त्या धंद्यातून बाहेर पडले. पडद्यावर प्रेक्षक समोर नसतो, आणि समोरच्या माणसाशी थेट बोलणे हीच तर त्यांची खरी ताकद होती. ती वापरायला वेगळी जागा लागणार होती.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र

ती जागा त्यांना आधी पुण्यात सापडली. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि पु. ल. १९५५ मध्ये आकाशवाणीत दाखल झाले. तो काळ पुणे केंद्राच्या वैभवाचा होता. १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला ‘गीतरामायण’ प्रसारित होत होते. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर आणि रेडिओभोवती गोळा झालेली घरेच्या घरे असे ते दिवस. व्यंकटेश माडगूळकरांसारखा कथाकारही त्याच केंद्रावर काम करत होता.

रेडिओ हे माध्यम विनोदकाराची फार कडक परीक्षा घेते. वेडेवाकडे तोंड करता येत नाही, धडपडून हसवता येत नाही, रंगीबेरंगी कपडे उपयोगाचे नाहीत. असतो तो फक्त आवाज. एखादे पात्र म्हातारे आहे की तरुण, श्रीमंत आहे की कर्जबाजारी, खरे बोलते आहे की थापा मारते आहे, हे सगळे आवाजाच्या पोतावरून आणि बोलण्याच्या लयीवरून श्रोत्याला कळायला हवे. पु.लं.च्या पुढच्या एकपात्री प्रयोगांचा पाया इथे घातला गेला असे मानायला जागा आहे.

आकाशवाणीनेच त्यांना पुढे दूरचित्रवाणीकडे नेले. प्रशिक्षणासाठी ते लंडनला बीबीसीत गेले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतातली दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत घेण्याचा मानही त्यांना मिळाला. इंग्लंड-फ्रान्सच्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ हे पुस्तक आले आणि मराठी प्रवासवर्णनाला त्याने हसण्याची परवानगी दिली. पण सरकारी चाकोरी त्यांना मानवणारी नव्हती. नोकरी सोडून ते पूर्ण वेळ रंगमंचाकडे वळले.

एकटा माणूस, सगळी चाळ

‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने १९५८ मध्ये आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पु. ल. ती एकट्याने रंगमंचावर सादर करू लागले, आणि मराठी प्रेक्षकाने तोवर न पाहिलेले काहीतरी पाहिले. त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर, बाबा बर्वे, जनोबा रेगे असे चाळीतले एकेक बिऱ्हाडकरू एकाच देहातून बोलायला लागले.

हे कसे घडत असे? ध्वनिमुद्रणे लक्ष देऊन ऐकली की तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, प्रत्येक पात्राची स्वतंत्र लय. एक जण भरभर, वाक्य अर्धवट टाकत बोलतो. दुसरा प्रत्येक शब्दाला तोलून पुढे जातो. तिसरा दुसऱ्याचे बोलणे संपण्याआधीच सुरू होतो. दोन-तीन शब्दांत माणूस ओळखू येतो आणि ‘तो म्हणाला’, ‘मग हा म्हणाला’ अशा निवेदनाची गरज उरत नाही. दुसरी गोष्ट थांबण्याची. हशा पिकल्यावर तो किती वाढू द्यायचा, नेमका कुठे तोडायचा आणि पुढचे वाक्य कुठून उचलायचे याचा हिशेब तालाच्या अंगाने चालतो. तबलजी समेवर येतो तसे पु. ल. मुद्द्यावर येतात, श्रोत्याला सम येणार हे जाणवत असते आणि तरीही ती आल्यावर मान डोलतेच. तिसरी गोष्ट म्हणजे आवाज न चढवणे. मोठ्याने बोलून त्यांनी क्वचितच हसवले. उलट सगळ्यात मोठा हशा अनेकदा सगळ्यात साध्या सुरातल्या वाक्याला येतो.

याच चाळीतला ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हा भाग घ्या. त्या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने राज्य ढवळून निघाले होते आणि मुंबईसह महाराष्ट्राची घोषणा प्रत्येकाच्या तोंडी होती. पु.लं.नी तीच घोषणा, त्याच आवेशासकट, चाळीच्या गच्चीसाठी लावली. सभा, ठराव, शिष्टमंडळे, वाटाघाटी, सगळे तसेच. आंदोलनाची थट्टा करण्याचा त्यात हेतू नव्हता. लहान माणसेही मोठ्या भाषेत बोलू लागली की काय होते, ते प्रेक्षकांनी पाहिले आणि स्वतःच्या सोसायटीची, मंडळाची, कचेरीची सभा आठवून ते हसले. पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात मात्र हसू ओसरते. पडू घातलेल्या चाळीबरोबर एक जगण्याची रीत संपते आहे, याची जाणीव तिथे स्पष्ट आहे.

‘असा मी असामी’मध्ये त्यांनी धोंडो भिकाजी जोशी या कारकुनाचे आयुष्य सांगितले. बदलत्या काळामागे धापा टाकत जाणारा हा मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राचा एक दस्तऐवजच आहे. कपड्यांच्या फॅशनी, मुलांच्या शाळा, घरातले बुवा-महाराज, साहेबाची कंपनी, सगळे त्यात आले. ‘वाऱ्यावरची वरात’ हा अनेक कलाकारांचा प्रयोग. त्यात सुनीताबाईही भूमिका करत.

जगाच्या पाठीवर असे आणखी कोण करत होते? इंग्लंडमध्ये जॉइस ग्रेनफेल नावाची विनोदी अभिनेत्री त्याच काळात एकटीने असे प्रयोग करत होती. बालवर्गातल्या बाईंची तिची भूमिका फार गाजली. रंगमंचावर एकही मूल नसे. बाईंच्या बोलण्यावरून अख्खा वर्ग प्रेक्षकांना दिसू लागे. इंग्लंडच्या विनोदी कलावंतांच्या मागे ‘म्युझिक हॉल’ नावाची मोठी परंपरा होती. चॅप्लिनची आई त्याच रंगमंचावर गात असे. तो स्वतः पाच वर्षांचा असताना तिचा आवाज बसला म्हणून पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि पुढे फ्रेड कार्नोच्या कंपनीत तयार होऊन अमेरिकेला गेला.

पु.लं.च्या मागची परंपरा आपल्या मातीतली होती. चिपळ्या हातात घेऊन एकटाच कीर्तनकार राजा, राणी, प्रधान आणि भक्त असा सगळा दरबार उभा करतो. बहुरूपी दारोदार सोंगे आणतो. तमाशातला सोंगाड्या राजालाही चार खडे बोल सुनावतो. लेखनातली परंपरा तर अधिकच सलग होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’, गडकऱ्यांचा बाळकराम, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ पु.लं.च्या पिढीला पाठ होती. या दोन्ही धारा पु.लं.पाशी एकत्र आल्या. पुढे सदानंद जोशींचे ‘मी अत्रे बोलतोय’ आणि प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ असे एकपात्री प्रयोग मराठीत तुफान चालले. एका माणसाने तिकीट लावून दोन-तीन तास नाट्यगृह भारून टाकायचे, हे मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडण्याचे मोठे श्रेय पु.लं.ना द्यावे लागते.

पडद्यामागच्या सुनीताबाई

या प्रयोगांची शिस्त सुनीताबाईंच्या हातात होती. तारखा, तिकिटे, नाट्यगृह, ध्वनिवर्धक, हिशेब आणि दौऱ्याचा सगळा रामरगाडा त्या सांभाळत. वेळेवर पडदा वर जाणे, हिशेब चोख ठेवणे या गोष्टींत तडजोड नसे. १९९० मध्ये आलेल्या ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकात त्यांनी या सहजीवनाबद्दल स्पष्टपणे लिहिले. घरातल्या प्रतिभावंतासाठी घरातल्या दुसऱ्या माणसाला काय काय सोडावे लागते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने पहिल्यांदाच इतके उघडपणे दाखवले. पु.लं.च्या सहजतेचे कौतुक करताना त्या सहजतेमागे राबणारे दुसरे हात विसरणे अन्यायाचे होईल.

आणखी एक निर्णय या दोघांचाच म्हणावा लागेल. प्रयोग ऐन भरात असताना, नाट्यगृहे भरत असताना, त्यांनी ते थांबवले. लोकप्रिय कलावंताला कधी थांबावे हे क्वचित कळते. पु. ल. थांबले आणि नव्या गोष्टी शिकायला मोकळे झाले. पन्नाशीत ते शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकले आणि ‘वंगचित्रे’ लिहिली. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्यांनी रंगभूमी आणि लोककलांसाठी काम केले.

दुसऱ्यांची नाटके मराठीत आणतानाही त्यांचा कानच पुढे होता. बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ हे उच्चारांवरचे नाटक. एका फुलवालीला साहेबी इंग्रजी बोलायला शिकवण्याची ती गोष्ट. पु.लं.नी ‘ती फुलराणी’त ते संपूर्णपणे मराठी बोलींच्या भेदावर उभे केले आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अजरामर केली. ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे ‘तीन पैशाचा तमाशा’ झाले. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले. गोगोलच्या नाटकावरून त्यांनी ‘अंमलदार’ त्याआधीच केले होते. या तिन्ही नाटकांत कुठेही परका वास येत नाही, कारण पात्रे मराठीतच विचार करतात, मराठीतच भांडतात.

पुणेकर पु. ल.

पुण्याशी पु.लं.चे नाते विद्यार्थिदशेपासूनचे. पुढे ते इथेच स्थायिक झाले. आधी फर्ग्युसन रस्त्याजवळच्या ‘रूपाली’त आणि नंतर भांडारकर रस्त्यावरच्या ‘मालती-माधव’मध्ये त्यांचे घर होते. बालगंधर्व हे त्यांचे दैवत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभे राहात असताना त्यांनी त्यात मनापासून लक्ष घातले. खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ मध्ये पायाभरणी झालेले हे रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी खुले झाले.

मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावरचा त्यांचा प्रयोग माहीत नसलेला पुणेकर शोधून सापडणार नाही. पुणेकर व्हायचे असेल तर कोणत्याही विषयावर ठाम मत हवे, कशाचा तरी जाज्वल्य अभिमान हवा, दुकानदार असाल तर गिऱ्हाईक ही सर्वांत दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट मानायला हवी, अशा अर्थाचे ते सगळे विवेचन. नवलाची गोष्ट अशी की या खोड्यांवर सर्वांत जास्त खूश झाले ते पुणेकरच. आजही पुण्यात एखादा दुकानदार दुपारी एकला शटर ओढतो तेव्हा गिऱ्हाईक पु.लं.चे नाव घेते आणि दुकानदारही हसतो. ज्याची थट्टा करायची त्यालाच ती आवडावी, हे विनोदकाराचे सर्वांत अवघड यश. त्यासाठी थट्टा करणारा आपल्यातलाच आहे असा विश्वास लागतो. तो पु.लं.नी कमावला होता, कारण आपल्या माणसांकडे ते कधी वरून पाहात नसत.

हसणे कुठे थांबते

‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या माणसांकडे पाहिले की पु.लं.च्या विनोदाचा तळ दिसतो. अंतू बर्वा सगळ्या जगाला टोमणे मारतो. गावात वीज येते तेव्हा तो ती घरात घ्यायला तयार होत नाही. घरातले दारिद्र्य उजेडात पाहण्याची त्याची इच्छा नसते. इतका वेळ खो खो हसणारा श्रोता त्या जागी गप्प होतो. चितळे मास्तर विद्यार्थ्यांना आयुष्यभर मायेने शिकवतात, आणि शेवटी लक्ष जाते ते विद्यार्थ्यांच्या घरी चालत जाऊन झिजलेल्या त्यांच्या चपलांच्या टाचांकडे. ‘म्हैस’ ऐकणारे आधी हसतात ते रत्नागिरीहून मुंबईकडे निघालेल्या एसटीतल्या नमुन्यांना. एका म्हशीला गाडीची धडक बसते आणि ड्रायव्हरपासून पोलिसापर्यंत प्रत्येक जण आपापले शहाणपण पाजळतो. पण ज्याची म्हैस, त्या धर्मा मांडवकराची पोटतिडीक पु. ल. हरवू देत नाहीत.

टीकाकारांनी पु.लं.वर एक आक्षेप नेहमी घेतला आहे. त्यांचे जग पांढरपेशा, शहरी मध्यमवर्गाचे आहे. त्याच्या बाहेरचा महाराष्ट्र त्यात फारसा येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. गावगाड्यातला विनोद ऐकायचा तर शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांच्या कथांकडे आणि दादा कोंडके, निळू फुले, राम नगरकर यांच्या वगनाट्यांकडेच जावे लागते. पु.लं.नी आपल्या ओळखीच्या माणसांबद्दलच लिहिले आणि त्यांच्याबद्दल खोटे लिहिले नाही, ही त्यांची मर्यादाही होती आणि प्रामाणिकपणाही.

विनोदी माणसाने गंभीर बोलू नये, असा एक समज असतो. पु.लं.नी तो मानला नाही. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी लोकशाहीच्या बाजूने जाहीर सभा गाजवल्या आणि निकालानंतर कुठलेही पद न मागता ते घरी परतले. १९९६ मध्ये पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार त्यांना मिळाला. त्या समारंभातल्या भाषणात त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या दंडेलीवर टीका केली आणि त्यावरून वादळ उठले. पुरस्कार देणाऱ्यांसमोर मनातले बोलायला त्यांना संकोच वाटला नाही.

पैशाबाबतही त्यांचा हिशेब वेगळा होता. प्रयोगांतून आलेल्या उत्पन्नातून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान उभे राहिले आणि त्यातून अनेक संस्थांना गाजावाजा न करता मदत गेली. डॉ. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपये देण्याची तयारी त्यांनी आपणहून दाखवली. त्यातूनच २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. आजवर हजारो माणसे तिथून नव्याने उभी राहून घरी गेली आहेत. बाबा आमटे यांच्या आनंदवनातल्या मित्रमेळाव्यांतही हे दोघे वर्षानुवर्षे जात राहिले.

अखेरची काही वर्षे कंपवाताने त्यांना घेरले. पेटीवर लीलया फिरणारी बोटे थरथरू लागली. १२ जून २०००, लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस. त्याच दिवशी पुण्याच्या प्रयाग रुग्णालयात पु. ल. गेले. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ रोजी गेल्या. दुसऱ्या दिवशी पु.लं.चा नव्वदावा जन्मदिवस होता. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानाला आज पु.लं.चे नाव आहे.

पुढच्या पिढीसाठी

आजचा तरुण विनोदी कलावंत हातात माईक घेऊन एकटा उभा राहतो तेव्हा तो परदेशी कलाप्रकार करतो आहे असे अनेकांना वाटते. पण एका माणसाने आवाज आणि शब्द यांच्या बळावर हजारभर माणसांना तीन तास बांधून ठेवणे मराठीला नवे नाही. ते इथे उत्तम रीतीने झाले आहे, आणि शिवीगाळ न करता झाले आहे. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मराठीत विनोद सादर करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते विद्यार्थ्यासारखे, वही-पेन घेऊन ऐकावे. कुठे थांबले, कुठे सूर बदलला, कोणता शब्द गाळला, हे टिपून घ्यावे. दुसऱ्याची शैली उचलू नये. पण रियाज कसा करायचा हे नक्की शिकावे.

आणि पालकांना, शिक्षकांना एक विनंती. पाठ्यपुस्तकातला पु.लं.चा धडा मुलांना निमूटपणे वाचायला लावून त्याखालचे प्रश्न सोडवून घेऊ नका. तो आधी मोठ्याने वाचून दाखवा, शक्य असेल तर खुद्द पु.लं.च्या आवाजात ऐकवा. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या, मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलांनाही तो आवाज कळतो. पु. ल. आधी कानात शिरले पाहिजेत. पुस्तकाचे पान मुले मग आपणहून उघडतील.